अ‍ॅग्नेसने देवाला विचारलं

आगाशीच्या बसथांब्यावर हंसाच्या बाजूला दोन बहिणी येऊन बसल्या. थोरली अ‍ॅग्नेस साठीची, विधवा, धाकटी कॅथरीन. हंसाने मान वळवली नाही, पण कान तिकडेच लागले.

“बाय, नेल्सन उत्तराची वाट बघतोय. त्याच्याशी लग्नाला हो की नाही?”

“थांब गं. मी देवाला विचारलंय.”

“कधी?”

“ईस्टरपासून रोज विचारते.”

“मग काय म्हणाला तो?”

“काहीच नाही. म्हणून फादरकडे गेले. ते म्हणाले, अ‍ॅग्नेस, तूच बोलत बसलीस तर देव बोलणार कधी? जरा गप्प बस.”

“बसलीस?”

“काल बसले. चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर, एकटीच.”

“आणि?”

“हसूच यायला लागलं! परवा केळीच्या वाडीत नेल्सन घसरून चिखलात बसला ना, तेच आठवलं. म्हटलं, देवा माफ कर, मी प्रार्थनेला बसलेय. पण हसू काही थांबेना. आमचे हे गेल्यापासून अशी हसले नव्हते गं.”

“मग नेल्सनला सांगितलंस?”

“मी आपणहून कसं सांगू?”

“हा घे फोन. लागलाय.”

“अगं, इथे? लोक ऐकतील! हॅलो... नेल्सन, मी अ‍ॅग्नेस. हो. अरे, हो म्हणजे हो! आता रडतोस कशाला?”

विरारची बस आली, थांबली आणि सुटली. ती आपली बस होती, हे हंसाच्या मागाहून लक्षात आलं.