कल्हईवर नाव कुटं घालायचं?

...आन वर मलाच इचारत्यात, ‘बाबालाल, तू कशाला मधी पडलास?’ घ्या! मी पडलो? अवो मला पाडलं! हाताला धरून, गुळाचा चहा पाजून पाडलं! आता तुमी हितं पौडच्या बाजारात भांडी घिऊन कल्हईला बसलायसा, कोळसा वला हाय, भाता धाप टाकतुया, तवर ऐका. घाई हाय? आसूं द्या. मला बी घाई व्हती, माजं कोन ऐकलं? तुमास्नी सांगतो, मानसानं जल्मात काय वाट्टेल ते करावं, पन धर्मादाय मंडळाचा हिशेब तपासाय जाऊ नये. न्हाई म्हंजी न्हाई!

मुठ्याला ते भांडी मंडळ हाय ना? ‘मुठा खोरे गोरगरीब लग्नकार्य भांडी मंडळ’. नाव घेता घेता मानूस दमतंय. सात वर्सांमागं हैबतराव पाटलांनी काढलं. गरिबाच्या दारात मांडव पडला तर शंभर पानांच्या सैपाकाला भांडी कुटनं आनायची? तर मंडळानं द्यायची, फुकाट. इचार चांगला! मी कुटं वाईट म्हनतुया? आन लोकांनी बी काय हात आखडला न्हाई. एकानं हंडा दिला, एकानं परात दिली, कुनी पातेलं, कुनी तपेलं. रोकडा मातुर मागू नका, भांडं मागा. का, सांगू? भांड्यावर नाव घालता येतं!

आन नावं घालनारा कोन? ह्योच की, तुमच्या म्होरं बसलाय त्यो! कल्हई करतो तशी छिन्नी-हातोडी घिऊन नावं बी घालतो, अक्षराला एक आना. पाटलांच्या हंड्यावर घातलंय, ‘श्रीयुत हैबतराव पाटील राहणार मुठा यांजकडून आपले तीर्थरूप कैलासवासी वडील यांचे स्मरणार्थ गोरगरिबांचे उपयोगार्थ सप्रेम अर्पण’... पयला येढा संपला, तर दुसरा सुरू केला. त्यो हंडा वाचायचा तर त्येला परदक्षिना घालावी लागती! नेऱ्याच्या तिघा भावांनी मिळून एक पळी दिली. एक पळी! तिघांची नावं, तिघांच्या बायकांची नावं, गावाचं नाव... दांडा संपला, मंग मी उरल्यालं पळीच्या वाटीच्या पाठीवर घातलं. आज त्या पळीनं वाढाय ग्येलं तर हाताला सासरची-माहेरची समदी मानसं टोचत्यात.

तर काय झालं, नवा कायदा आला. पुन्यात हापीस निगालंय म्हनं, धर्मादायाचं. तितनं मंडळाला कागद आला. मंडळाचा चिटणीस कोंडिबा, खोलीची किल्ली त्येच्या करगोट्याला आसती, आंघूळ करताना बी सोडत न्हाई, त्यो कागद घिऊन पौडला माज्याकडं. वाचाय लागला, ‘संस्थेच्या जंगम मालमत्तेचे वर्णन... व... मू... मूल्यमापन... जानकार इसमाकडून...’ आन थांबला, आन माज्याकडं बगून आसा हासला! म्हनला, ‘बाबालाल, जानकार इसम म्हंजी तूच.’ तुमास्नी सांगतो, जल्मात पयल्यांदा मला कुनी इसम म्हनलं. भुललो! उचलला तराजू आन ग्येलो मुठ्याला.

मारुतीच्या देवळाला लागून खोली हाय. कोंडिबानं करगोटा वर केला, कुलूप काढलं. आत बगतो तर काय... त्रेचाळीस भांडी! वळीनं! बाहेरनं चिचंनं घासून लखलखीत केल्याली, नावं अशी चमकत्यात! मी एक पातेलं उचललं, आत बगितलं. दुसरं उचललं. तिसरं उचललं. हंड्यात तर डोकंच घातलं. म्हनलं, ‘कोंडिबा, ह्येला शेवटची कल्हई कवा केली?’ कोंडिबा म्हनला, ‘केली नव्हं का... ती दुकानातनं आली तवा आसंल की.’

सात वर्सं! आता तुमी रोजची कल्हईची गिऱ्हाइकं, तुमास्नी काय सांगायचं? तांब्या-पितळंच्या भांड्याला आतनं कथलाचा हात न्हाई, आन त्येच्यात चिच घातल्याली आमटी ठिवली, तर काय व्हतं? कळकती! हिरवी व्हती! खानारा घसा धरून बसतो, मंग वकतो. त्रेचाळीस भांडी आन एकात बी आमटी शिजवाय येत न्हाई! आन मी मूल्यमापन करनार!

मी आपलं इमानानं तोललं. म्हनलं, ‘लिव कोंडिबा. मोडीत घातली तर हजार रुपय. सैपाकाला घेतली तर शून्य.’ तर त्यो म्हनतो, ‘शून्य कसं लिवू? पुन्याचा सायेब काय म्हनंल?’ म्हनलं, जमाखर्च काढ. काढला. जमा काय ती जत्रंत फिरवल्याल्या पेटीची. सात वर्सांत खर्च काय? हार, नारळ, फेटा, चहा... यकसष्ट रुपय. प्रत्येक भांडं आलं की समारंभ केला ना! भांड्यावर नावं घालन्याचा खर्च, एकशे चौतीस रुपय. कल्हई? काय न्हाई. शिल्लक अकरा आने. मी तडकलोच! म्हनलं, ‘गोरगरिबांच्या पैशातनं एकशे चौतीस रुपय नावांवर? आसा कोन लांडगा हाय त्यो, एकशे चौतीस घेनारा?’ कोंडिबा वहीतनं डोकं वर न करता म्हनला, ‘तूच की.’

...बरं. ऱ्हाऊं द्या. म्होरं ऐका.

खोलीच्या पायरीवर एक बाई बसली व्हती. रत्नाबाई. नवरा जाऊन बारा वर्सं झाली, लोकांच्या खाचरात भाताची लावनी करून तिनं पोर वाढवली, आन त्या पोरीचं लगीन बिस्तरवारी. नवरदेव लवळ्याचा, शंभर मानूस येनार. म्होरल्या काळात काय व्हतं, शेजारपाजारची भांडी आनून कार्य निगायचं. आता ज्येच्या दारात जावं त्यो म्हनतो, ‘मंडळ हाय की! आमी भांडं दिलंय मंडळाला!’ घरातलं भांडं कुनी देईना, आन मंडळाचं घ्यावं तर कळकनार. ती मला म्हनली, ‘बाबालालभाऊ, मला नावाचं भांडं नगं वो. शिजायचं भांडं द्या. तीनच द्या. शंभर मानसं दारातनं उपाशी ग्येली तर माज्या पोरीला लवळ्यात रोज ऐकाया लागंल.’

म्हनलं, मी जानकार इसम हाय! आज सांज व्हायच्या आत हैबतरावास्नी गाठतो! देवळातच बैठक लावली. उभा ऱ्हायलो, म्हनलं, ‘पाटील, नवं भांडं एक बी नगं. कल्हई करा. तीन भांड्यांना बारा रुपय लागत्यात, समद्यांना, ल्हान-मोटी धरून, वर्साला शंभर.’ पाटील मोठ्या मनाचा मानूस! लगीच म्हनले, ‘बारा रुपय? हात्तीच्या! आत्ता देतो!’ आन कोपरीच्या खिशात हात बी घातला... आन हात तितंच ऱ्हायला. म्हनले, ‘पन बाबालाल... नाव कुटं घालायचं?’

ऐकलं का? कल्हईला पैसं देनार, पन नाव कुटं घालायचं! म्हनलं, ‘पाटील, कल्हई आतनं आसती. वर्साभरात झिजती.’ ‘मंग झिजनाऱ्या गोष्टीला दिल्याली देणगी लोकांस्नी दिसनार कशी?’ म्हनलं, ‘जेवताना दिसंल! कोन वकला न्हाई म्हंजी दिसली!’ तर कोपरीतला हात भायेर आला. मोकळा.

कोंडिबा म्हनला, ‘मी एक परात देतो, नवी.’ म्हनलं, परात नगं, बाबा, कल्हई! ‘परातीला काठ रुंद आसतो,’ म्हनला, ‘अक्षरं चांगली बसत्यात.’ नेऱ्याच्या भावांतला थोरला आला व्हता, म्हनला, ‘आमी तिघं मिळून आनिक एक पळी देऊ.’ पळी! रत्नाबाईनं काय शंभर मानसं पळ्या चघळीत बसवायची? आन जो उठतो त्यो शेवटी त्येच म्हनतो, नाव कुटं घालायचं, नाव कुटं घालायचं! मी अक्कल लढवली. म्हनलं, ‘पाटलांच्या हंड्यावर येढ्याखाली बोटभर जागा हाय. तितं कल्हईवाल्या देणगीदाराचं नाव घालू.’ झालं! पाटलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या! ‘माज्या बापाच्या नावाखाली कुनाचं बी नाव? हिंमत कशी झाली तुजी?’ बैठक मोडली. ठराव काय झाला म्हाईत हाय का? जानकार इसमाचे आभार मानावे. नारळ दिला. त्यो बी नासका निगाला.

मंग काय करतुया? बुधवारी सकाळी माजा भाता, कोळसा, नवसागर आन माजं सोताचं कथील घिऊन निगालो. आमची चाँदबी दारात आडवी! ‘लगीनसराईचं कथील हाय ते! फुकाट वाटाया निगालासा? मंडळ त्येंचं, पुन्य त्येंचं, कथील आमचं?’ तिचं एक अक्षर खोटं न्हवतं. तरी ग्येलो. देवळाम्होरं भट्टी लावली, तीन भांडी तापवली... हंडा, पातेलं आन एक मोठं तपेलं. आसा कथलाचा हात मारला! तोंड बगून घ्या आत, आरशाची गरज न्हाई! रत्नाबाई पदर डोळ्याला लावून हुबी ऱ्हायली. तितंच मी पोरंबाळं आठवून घरला यायचं की न्हाई?

न्हाई आलो. कारन पाटील आले, कोंडिबा आला, चार मानसं जमली. पाटील म्हनले, ‘वा बाबालाल! ह्येला म्हनत्यात धर्म! तुजं बी नाव पायजे बाबा भांड्यावर.’ मी म्हनलं, ‘छ्या छ्या, पाटील! मला कशाला?’ ते म्हनले, ‘आसं कसं!’ मी म्हनलं, ‘न्हाई हो!’ कोंडिबा म्हनला, ‘लोकांस्नी कळाय नगं का?’

आन तुमास्नी सांगतो, लाज सोडून सांगतो... ज्या बाबालालनं सात वर्सं दुसऱ्याची नावं घातली, अक्षरागनिक मनात हासला, ‘काय ही मानसं!’ म्हनला, त्या बाबालालच्या तोंडातनं काय निगावं? मी हळूच म्हनलं,

‘पन... नाव कुटं घालायचं?’

भायेर जागा न्हाई! कोंडिबा तपेल्यात वाकून बगतो आन म्हनतो, ‘आत घाल की! आत मोप जागा हाय!’ आता आख्ख्या मुळशी पेट्यात आत छिन्नी मारू नये हे कळनारा जानकार इसम एकच! छिन्नी मारली की कल्हई फाटनार, तांबं उघडं पडनार, लेकराला बी कळंल! आन त्योच इसम छिन्नी घिऊन तपेल्यात शिरला! पयलं नुसतं ‘बाबालाल’ घातलं. बरं दिसंना. ‘कल्हईवाले’ घातलं. मंग ‘पौड’. मंग म्हनलं, आलोच हाय तर ‘यांजकडून’ बी घालू. आन खोल घातलं वो, टिकावं म्हनून!

बिस्तरवार. लगीन बाराचं. लवळ्याच्या वऱ्हाडाच्या गाडीचा कना मोडला, वऱ्हाड आलं तीनला. हंड्यात भात, पातेल्यात लापशी, आन आमटी कशात? बराबर! चिचंची आमटी, माज्या नावावर, तीन तास! पानं मांडली, मानसं बसली, रत्नाबाईनं रीतीपरमानं आधी बोट बुडवून चाखलं... आन माज्याकडं बगितलं. ‘बाबालालभाऊ, कळकली वो.’ तोंड आसं झालं तिचं, की मला वाटलं जिमीन फाटावी. पानावर शंभर मानसं, आन तिची पोर हळदीच्या अंगानं दारात उभी.

तपेलं अंगनाच्या कडंला नेऊन कलतं केलं. समदा गाव गोळा झालेला. आमटी उतराय लागली, तसं आतनं पयलं ‘बा’ दिसलं. मंग दुसरं ‘बा’. मंग ‘लाल’... हिरवंगार! ‘कल्हईवाले’ आलं, ‘पौड’ आलं, ‘यांजकडून’ आलं. ज्येला वाचता येत न्हवतं त्येला शेजाऱ्यानं वाचून दावलं. आवो, हैबतरावांचा हंडा सात वर्सांत कुनी पुरा वाचला न्हाई, माजं तपेलं एका दमात आख्ख्या गावानं वाचलं!

कार्य निगालं, बरं का. कसं निगालं? पयली रत्नाबाईची शेजारीन उठली, घरातनं आपल्या चुलीवरलं आमटीचं भगुनं घिऊन आली. मंग दुसरी आली. कुनाची तुरीची, कुनाची कुळथाची, कुनाचं नुसतं ताक. इस-पंचवीस घरं! समदं पानावर पडलं, वऱ्हाड बोटं चाटून उठलं, आन कुनाच्या भगुन्यावर काय नाव हाय ते कुनी वाचलं न्हाई. ही घरं व्हतीच की आधी! मंग सात वर्सं मंडळ कशाला घासत बसलावता? ...पन ते मी कुनाला इचारनार? कुटल्या तोंडानं?

आन आता मुठ्यात कुनाच्या घरी कायबी नासलं तर बाई काय म्हनती, ठावं हाय? ‘आगं, दूध बाबालाल झालं!’

ऱ्हाऊं द्या, हासा. पेटला कोळसा, द्या तुमचं पातेलं हिकडं. शेवट तेवडा सांगतो. परवा मंडळाची बैठक झाली. पाटील उठले, कोपरीत हात घातला, आन या खेपंला हात मोकळा आला न्हाई. रोख चार रुपय! सात वर्सांत कल्हईला आलेली मंडळाची पयली देणगी! कशाला? तपेल्यातलं माजं नाव बुजवायला. कल्हई करायची कुनी? मीच.

आन या टायमाला, बगा, एकानं बी इचारलं न्हाई, नाव कुटं घालायचं म्हनून.