लंकाबाईचा वानवळा

ओतूरच्या एसटी स्टँडवर मढच्या गाडीची वाट बघत तेजस्विनी बाकावर बसली होती. तिच्या पाठीमागंच दोन बायकांची गाठ पडली.

“अगं लंका! आवंदा कांदा काढायला आली न्हाईस? तुज्या गावचं कुनीच आलं न्हाई.”

“आमचाच कांदा व्हता काढायला, प्रयागबाई.”

“तुमच्या डोंगरात कांदा? उन्हाळ्यात प्यायला पानी नसतं तुमाला.”

“नसायचं. तीन वर्सं दर सोमवारी घरटी एक माणूस ओढ्यावर राबलं. बांध घातला. आता हिरीला पानी हाये.”

“मजुरी कोन देत व्हतं?”

“कोन देनार? गाव आमचं, बांध आमचा.”

“म्हंजी फुकट राबलात!”

“व्हय. पहिला बांध पावसानं नेला, मग पुन्हा फुकट राबलो. ही पिशवी धरा.”

“काय गं हे?”

“वानवळा. दर साली निघताना तुमी माझ्या पदरात कांदं घालायच्या. आवंदा माझ्या रानातलं घ्या.”

तेजस्विनीनं न राहवून मान वळवली. दोन्ही हातांनी पिशवी धरून प्रयागबाई आतले कांदे बघत होत्या.

“मग आता तू काय आमच्याकडं येत न्हाईस.”

“येईन की. जेवायला बोलवा.”