तू फक्त रस्ता बघ

...नाही, मला एक सांगा, चढ नको पण वरून दिसणारा देखावा मात्र पाहिजे, हे कसं जमवायचं माणसानं? डोंगर आडवा पाडायचा का? पण आमच्या ह्यांना पाहिजे होतं! आणि जमवायचं कुणी? मी! का, तर 'तू फक्त रस्ता बघ, बाकी सगळं आम्ही करतो.' बाकी काय केलं सांगू? टोप्या आणल्या! एकाच रंगाच्या तीन टोप्या. झालं, संपलं बाकी!

अहो, मुळात सायकलनं समुद्रापर्यंत जायचं हे खूळ कुणाचं? माझं! मी चष्म्याच्या दुकानात असते. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं आणि विचारायचं, 'आता वरची ओळ दिसते का? आता खालची?' लोकांना दिसायला लागतं आणि मला समोरची भिंत! दुकानात जाते सायकलनं. पंचेचाळिशीत शिकले, दोन्ही गुडघे फोडून घेऊन शिकले. आणि एकदा पुलावरून येताना खाली नदी बघितली आणि वाटलं, ही बया रोज जाते समुद्राला, तिला कुणी विचारत नाही... आपणही जावं की! तेवढंच घरी येऊन बोलले, तर हे ताडकन उठले, "वा! काय कल्पना सुचलीय मला!"

मला! मी समोर भाजी चिरत उभी, हातात सुरी, आणि हे म्हणतात मला!

लगेच दोन फोन. एक ह्यांचे दातांचे डॉक्टर मित्र, दुसरे वकील. दोघांच्याही सायकली महागातल्या, घरात भिंतीला टांगलेल्या, जशा तसबिरी. संध्याकाळी तिघं आमच्या घरात, आणि मी नकाशा पसरलाय जेवणाच्या टेबलावर, चहाचे डाग पडू नयेत म्हणून एका हातानं कप उचलतेय, एका हातानं पेन्सिल. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, कुत्री नकोत. आणि दर तासाला संडास. स्वच्छ!" वकील म्हणाले, "वहिनी, देखावे डाव्या हाताला ठेवा, माझी मान उजवीकडे वळत नाही." ठेवा! म्हणजे मी काय कपाटात डबे लावतेय? आणि ह्यांचं ते तुम्हाला सांगितलंच, चढ नको, देखावा पाहिजे, आणि वर ट्रकही नकोत. आतून सासूबाई म्हणाल्या, "रस्ता इतका सुरक्षित असेल तर त्यात बघायचं काय? आणि सुरक्षित नसेल तर जायचंच कशाला?" आता ह्यावर बोला! अख्ख्या घरात एक माणूस मुद्द्याचं बोललं, पण त्यांचंही ऐकतंय कोण? सगळे उठले, चपला घातल्या, आणि दारातून हे, "तू फक्त रस्ता बघ!"

बघितला. नुसता नकाशात नाही, जाऊन बघितला! दुकानाला सुट्टी असली की मी बसमध्ये. कारण नकाशात काय हो, बारीक हिरवी रेघ असते, आणि जाऊन बघावं तर दगडाची खाण! खडीच्या गाड्या दणादण, पण देखावा असा की डोळ्यांत पाणी यावं... निम्मं देखाव्यानं, निम्मं धुळीनं. खोडला. दुसरा रस्ता सुरक्षित, चिटपाखरू नाही, आणि दोन्ही बाजूंना कारखान्याच्या उंच भिंती. वकिलांची मान कुठेही वळली तरी भिंतच. खोडला. एका टपरीवाल्याला विचारलं, "हा रस्ता पुढे निघतो का?" तो म्हणाला, "निघतो की. पण कशाला जाता?" तेव्हा एकदा बसस्टॉपवर बसून मीही स्वतःला विचारलं, कशाला?

पण मग सापडला! कालव्याच्या कडेचा, दोन्हीकडे झाडं, चाक कसं आपसूक पळेल. आणि पुढे जुना घाट! बोगदा झाल्यापासून ट्रक सगळे बोगद्यातून जातात, वर घाटात कुणी फिरकत नाही, रस्त्याला गवत फुटलंय, आणि वळणावर उभं राहिलं की खालची सगळी दरी आपली. मी एकटीच उभी होते तिथे. एवढी मोठ्यानं हसले, एवढी हसले... माझं मलाच कसंतरी झालं. घरी आले आणि सायकलला बॅगा बांधून, बॅगांत विटा भरून रोज गल्लीत फेऱ्या मारायला लागले. शेजारीण म्हणाली, "बांधकाम कुठे काढलंय?"

आणि निघायच्या चार दिवस आधी हे जेवता जेवता म्हणतात, "अगं, मागे एक गाडी लागेल ना. सामान, पाणी, पंक्चर... सुरक्षितता महत्त्वाची."

म्हटलं, "बरं. चालवणार कोण?"

भाकरी मोडत मोडत, वर न बघता, "तुला सगळा रस्ता पाठ आहे."

"आणि मी सायकल चालवायची नाही?"

"घेऊ ना तुझी सायकल! गाडीच्या टपावर बांधू."

"टपावर?"

"शेवटचा टप्पा तुझा. समुद्रापर्यंत तू चालव. कबूल! आता वाढ बरं थोडं."

असा मी रस्ता बघितला, आणि माझीच वाट लागली!

तुम्हाला सांगते, मी निवडलेले सगळे देखावे त्या प्रवासात होते. कालवा होता, झाडं होती, पाण्यावर ऊन होतं. मला काय दिसलं? तीन पाठी! तीन घामेजलेल्या पाठी, आणि त्यांच्याखाली... जाऊ द्या. गाडी पहिल्या गियरमध्ये, मागचे लोक हॉर्न मारताहेत, पुढून वकील ओरडताहेत, "वहिनी, पाणी!" डॉक्टर ओरडताहेत, "वहिनी, कुत्रं!" आता कुत्र्याचं मी काय करू? दात बघा म्हणावं त्याचे!

घाट आला. पहिल्या वळणावर वकिलांचा गुडघा. दुसऱ्या वळणावर डॉक्टरांचं पोट. आमचे हे मात्र खंबीर, आणखी एक वळण गेले आणि म्हणाले, "वारा उलटा आहे." तिघांच्या सायकली टपावर, तिघं गाडीत, आणि घाट चढले कोण? मी! वर पोचल्यावर तिघं टुणकन उतरले, टोप्या घातल्या, सायकली हातात धरून फोटो. मी म्हटलं, "उतार तरी मी सायकलनं जाते. गाडी तुम्ही घ्या."

"छे छे, वळणं आहेत! तुझ्यासाठी सुरक्षित नाही."

"अहो, मी शोधलाय हा रस्ता!"

"म्हणूनच म्हणतो. तुला तर माहीत आहे किती वळणं आहेत ते!"

मी पुन्हा गाडीत बसले. म्हटलं, शेवटचा टप्पा आपला आहे. सपाट आहे, वारा पाठीशी असतो, आणि एका वळणानंतर अचानक पाणी दिसतं. तो टप्पा मी मुद्दाम तसा ठेवला होता, काय समजलात? स्वतःसाठी!

त्या दिवशी सकाळी मी लवकर आवरलं, सायकल खाली उतरवून पुसली, हवा भरली. आणि हे चहा प्यायला जातो म्हणून स्वतःची सायकल घेऊन गेले ते चालत आले. खड्ड्यात गेली. पुढचं चाक कसं, उपड्या कढईसारखं! नुसते माझ्या सायकलकडे बघत उभे. मग हळूच म्हणाले, "अगं, एवढा सगळा प्रवास केलाय मी. शेवटचाच टप्पा सोडू?"

एवढा सगळा! घाट गाडीतून चढलेला माणूस!

मी ओरडणार होते. खरंच ओरडणार होते. पण ह्यांचा चेहरा असा, शाळेत पहिला नंबर हुकल्यासारखा, आणि ते दोघं टोप्या घालून तयार उभे... आणि मी, मी काय केलं? पाना दिला हो ह्यांच्या हातात! सीट वर करायला! ह्यांना माझी सीट बुटकी पडत होती ना!

ते अचानक पाणी दिसतं तिथे मी समोर बघत नव्हते. आरशात बघत होते, मागून टेम्पो येत होता. समुद्रावर तिघांनी हात वर केले, आणि ह्यांनी तर सायकल थेट लाटांत घातली, माझी सायकल, साखळीपर्यंत खाऱ्या पाण्यात! "फोटो काढ, फोटो काढ!" आणि वकील, "वहिनी, मागे सरका... अजून मागे... समुद्र येत नाहीये सगळा." सरकत सरकत मी पार गाडीपाशी गेले. चप्पलसुद्धा ओली झाली नाही माझी.

परत आल्यावर ह्यांच्या क्लबात सत्कार झाला. कुणीतरी विचारलं, "इतका सुरेख रस्ता कसा निवडलात?" आमचे हे माइक ओढून घेऊन म्हणतात, "त्याला नजर लागते!" मी तिसऱ्या रांगेत. टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते, आपण एकट्यानं कसं बसायचं?

आणि आता सायकलची सीट खाली येत नाही. गंजली! खाऱ्या पाण्यानं दांडी आतल्या आत धरून बसली. सायकलवाल्यानं हातोडी मारली, तेल सोडलं, लोंबकळला, आणि शेवटी म्हणतो, "ताई, ही काही उतरत नाही. तुम्हीच जरा उंच चपला घाला."

तशीच चालवते. फाटकाच्या कठड्यावर चढून बसावं लागतं, आणि एकदा निघालं की पाय टेकत नाहीत, त्यामुळे मधे थांबता येत नाही. काल दुकानातून येताना तशीच घरावरून पुढे गेले. खरंच गेले! हे गॅलरीतून ओरडले, "अगं ए! कुठे चाललीस?" मी म्हटलं, "थांबता येत नाहीये हो!" आणि काय सांगू, वारा पाठीशी, रस्ता मोकळा, पूल समोर दिसतोय...

पुलापाशी वळले आणि आले परत. नाही, सासूबाईंची गोळी जेवणानंतरची असते. आणि जेवण कोण करणार, देखावा?