बघायला आलेले आणि नॅनोपोर

माझं संशोधन कुणी मन लावून ऐकलं असेल ना, तर राहात्याला मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी! मुलाच्या मामांनी आधी रडगाणं गायलं, "लई फिरलो, पोरीच मिळंनात." मग विचारलं, "पीएचडीत करतीस काय?"

म्हटलं, "नॅनोपोर. म्हणजे पडद्याला पाडलेलं अतिसूक्ष्म छिद्र. त्यातून डीएनएचा रेणू गेला की वीजप्रवाह कमी होतो, त्यावरून मी तो ओळखते."

मामा पुढं सरकले. हळूच म्हणाले, "मग आईच्या रक्तावरून पोरगा का पोरगी, ते कळत आसंल की!"

म्हटलं, "मामा, तुम्हाला पोरी का मिळत नाहीत, ते मात्र कळलं."

पाहुणे पोहे टाकून उठले. त्यांना गाडीपर्यंत सोडून आलेले बाबा चप्पल काढता काढता म्हणाले, "अगं, 'कळतं' एवढंच म्हणायला तुझं काय जात होतं?"