उरलेली तीन बोटं

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक आई आणि तिची मुलगी बसल्या होत्या. मुलीच्या डाव्या करंगळीला प्लास्टर होतं आणि मांडीवर व्हायोलिनची पेटी.

"परवा वाद्यवृंदाच्या निवडीला जायचं नाही, सांगून ठेवते."

"जाणार."

"अगं बाई, करंगळी मोडलीय."

"मोडू दे. तिचे सूर मी बाकीच्या तीन बोटांना वाटून दिलेत."

"कधी?"

"तू ओरडत होतीस तेव्हा."

"चार वर्षांची असताना ते तुझ्या हातात दिलं, तिथेच चुकलं माझं."

"चुकलं असेल. आता परत मागू नकोस."

"आणि बोट कायमचं वाकडं राहिलं तर?"

"ते मी हलवतच नाहीये. डॉक्टरांना एवढंच विचारायचंय, प्लास्टर कडेला जरा तासता येईल का. तारेला घासतंय."

"आणि परीक्षकांना काही कळणार नाही, असं वाटतं तुला?"

"तुला कळलं? सकाळपासून तसंच वाजवत होते."



"बोटांचं नाही कळलं. शेवटच्या ओळीत घाई करतेस, तेवढं कळलं."

"मग?"

"मग काय. नंबर यायला वेळ आहे. काढ ते व्हायोलिन बाहेर."