हातात जड लागला पाहिजे

घोडेगावहून पुण्याला निघालेल्या एसटीत दादाभाऊंनी तोंडापुढं पेपर धरला होता, पण कान पुढच्या सीटवरच्या बापलेकीकडं होते.

“नूतन, लॅपटॉप चांगला वजनदार बघू. कांदा कसा, हातात जड लागला की समजावं, आतून भरलाय.”

“आप्पा, ह्यात हलकाच चांगला असतो.”

“बरं, लाईट गेल्यावर किती वेळ चालंल?”

“चार तास.”

“आपल्याकडं तर बारा-बारा तास नसती.”

“हॉस्टेलवर लाईट जात नाय, आप्पा.”

“म्हंजी घरी आणायचाच न्हाई?”

“हलका असला तर दर शनिवारी आणीन की.”

मंचर आलं तसं बापानं मांडीवरची पिशवी हातात तोलून पाहिली.

“मग लई हलका घेऊ. पिशवीत हाय का न्हाई, कळायला नको.”