कोऱ्या फळ्यांवरची गौरीची पावलं

आमच्या हॉलमधल्या लाकडी जमिनीवरचे लाल ठसे तुम्ही पाहुणे बघता, पण विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

माझी बायको हेतल गुजराती. पाइनच्या रुंद फळ्यांची हौस तिचीच. गौरी यायच्या दिवशी फळ्या बसवून झाल्या होत्या, फक्त तेलाचा हात बाकी होता. सुतारही गुजरातीच; तो चहाला गेला आणि आईने दरवर्षीसारखी मूठ कुंकवाच्या पाण्यात बुडवून दारापासून घरभर गौरीची पावलं काढली. कोरं लाकूड कुंकू पिऊन बसलं. पुसायला गेली तर आणखी पसरलं.

सुतार आला, म्हणाला, "बेन, घसवुं पडशे."

आई ओशाळली. "चुकलंच माझं. घासू दे त्याला, हेतल."

हेतल वाकून पावलं बघत होती. "आई, गौरी सगळ्या घरात फिरते ना? मग आमच्या खोलीच्या दाराशी का थांबली?"

"तुमची खोली ना ती. न विचारता कशी येईल?"

हेतलने कुंकवाची वाटी उचलली. "चला आत. मूठ कशी धरायची, मला दाखवा."

सुतार तेलाचा डबा घेऊन बाहेर थांबला, तो चांगला अर्धा तास.